पावणेआठशे वर्षांचा खोडवा

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये वाचत जायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आज एका जंगलात जायचंय. आधीच सांगतो, तिथे किल्ला नाही, लढाई झालेली नाही, वाघ तर नाहीच. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाची काउंटी आहे. तिथल्या सपाट शेतांच्या मधोमध दीडशे-दोनशे एकरांची एक झाडी आहे, नाव ब्रॅडफिल्ड वुड्स. आपल्या सह्याद्रीत याला कुणी जंगल म्हणणार नाही, फार तर राई म्हणतील. पण या राईने माझ्या डोक्यातली एक पक्की समजूत उलटी करून ठेवली. झाड तोडलं की जंगल संपतं, हे मी शाळेपासून धरून चाललो होतो. इथे तेराव्या शतकापासून झाडं तोडतायत. आणि जंगल आहे. नुसतं आहे असं नाही, तोडतायत म्हणून आहे.

मी तिथे पोचलो तो योगायोगाने. कंपनीने सहा महिन्यांसाठी केंब्रिजला पाठवलं होतं. एप्रिलमधला शनिवार, रूमवर एकटा, प्रॉडक्शनवर काहीही जळत नव्हतं. सायकल ट्रेनमध्ये टाकली आणि बेरी सेंट एडमंड्सला उतरलो. (उच्चार 'बेरी' असा आहे. मी पहिले दोन आठवडे 'बरी' म्हणत होतो आणि लोक सभ्यपणे ऐकून घेत होते.) गावाबाहेर साखर कारखाना दिसला तेव्हा उगाच सांगली आठवली. इथली साखर बीटाची, पण कारखाना तो कारखानाच. तिथून साधारण अकरा किलोमीटर सायकल. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं, मधूनच एखादं चर्च. मग एका वळणावर शेत संपतं आणि झाडं सुरू होतात.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. पानगळीची झाडं, पालवी नुकती फुटत होती, खाली चिखल. जमिनीवर फिकट पिवळी फुलं, त्यांना ऑक्सलिप म्हणतात. इंग्लंडमध्ये ती मुख्यतः सफोक, एसेक्स आणि केंब्रिजशायर जिथे एकमेकांना भेटतात त्या पट्ट्यातल्या जुन्या जंगलांतच सापडतात. दुसरी गोष्ट जाणवते ती विचित्र असते. झाडांना एक खोड नाही! जमिनीलगत एक जाडजूड बुडखा, आणि त्यातून दहा-पंधरा सरळसोट फोक वर गेलेले. एका बाजूला हे फोक मनगटाएवढे, पलीकडे मांडीएवढे, आणि थोडं पुढे गेलं की एक अख्खा तुकडा सपाट तोडलेला, नुसते बुडखे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, काल रात्री लाकूडचोर येऊन गेले.

ही पद्धत समजावून सांगायला मराठीत एक शब्द तयार आहे, त्यामुळे मला फार कष्ट नाहीत. खोडवा! ऊस तोडला की त्याच बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात, नवी लागण करावी लागत नाही. तसंच हे. हेझल (चॉकलेटमध्ये जो हेझलनट असतो तोच) आणि अ‍ॅश नावाचं झाड, ही दोन्ही जमिनीलगत तोडली की मरत नाहीत, दुप्पट जोराने फुटतात. फरक इतकाच की उसाचा खोडवा दोन-तीनदा घेऊन आपण थांबतो. इथे खोडव्यावर खोडवा घेत एकच बुडखा शतकानुशतकं चालू राहतो. इंग्रजीत याला कॉपिसिंग म्हणतात.

ब्रॅडफिल्डचं जंगल मध्ययुगात बेरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचं होतं. एडमंड हा ईस्ट अँग्लियाचा राजा, 869 मध्ये डेन लोकांनी मारला, मग संत झाला. त्याच्या नावाचा मठ इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत मठांपैकी एक. श्रीमंत संस्था म्हणजे हिशेब, आणि हिशेब म्हणजे इतिहासकाराची दिवाळी. या जंगलाच्या तोडीच्या नोंदी 1252 पासूनच्या आहेत. पुढे आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले, 1539 मध्ये हाही गेला. मालक बदलले, तोड सुरूच राहिली.

तेव्हा जंगलाचे तुकडे पाडलेले असायचे. दर हिवाळ्यात एक तुकडा तोडायचा, पुढच्या हिवाळ्यात दुसरा. फेरी पूर्ण होईपर्यंत पहिला पुन्हा तयार. मध्येमध्ये ओक उभे ठेवायचे, त्यांना पन्नास-सत्तर वर्षं वाढू द्यायचं. म्हणजे एकाच जमिनीतून दोन पिकं: ओकचं इमारती लाकूड, आणि फोकांचं सरपण, काठ्या, कुंपणं. घराच्या भिंतीही याच फोकांच्या. फोक विणायचे आणि वर माती, शेण, गवत यांचा गिलावा. कोकणातल्या कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं काही सांगायला नको. कारवीच्या जागी हेझल घाला.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः एका माणसामुळे. ऑलिव्हर रॅकहॅम. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ, लाल मोज्यांसाठी प्रसिद्ध, 2015 मध्ये वारले. त्यांची पद्धत मला एकदम डीबगिंगसारखी वाटते. लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवायचं. मठाचे हिशेब वाचायचे, मग बूट घालून जंगलात जायचं आणि दोन्ही ताडून बघायचे. जुन्या जंगलाला कडेने चर आणि बांध असतो, गुरं आत येऊ नयेत म्हणून घातलेला. बांध वाकडातिकडा असेल तर जंगल जुनं, सरळ रेषेत असेल तर बहुधा अलीकडचं. ऑक्सलिपसारखी फुलं नव्या झाडीत सहजी पसरत नाहीत, त्यामुळे ती दिसली की तोही पुरावा. असे पुरावे गोळा करत त्यांनी इंग्रजांच्या लाडक्या कथा एकेक करून मोडल्या.

सगळ्यात लाडकी कथा अशी, की इंग्लंड पूर्वी घनदाट जंगल होतं, मग आरमाराची जहाजं बांधायला आणि लोखंड वितळवायला ते संपलं. रॅकहॅम म्हणाले, हिशेब जमत नाही. 1086 मध्ये विल्यम राजाने देशभराची मोजदाद केली, ते डूम्सडे बुक. त्यावरून त्यांनी काढलेला अंदाज असा, की तेव्हाच जेमतेम 15 टक्के जमिनीवर झाडी होती. जहाजांच्या कितीतरी आधी. आणि भट्टीवाल्याला दरवर्षी कोळसा लागतो, तो स्वतःचं जंगल मुळासकट का उपटेल? उलट जिथे भट्ट्या होत्या तिथे जंगलं टिकली, कारण त्यांना गिऱ्हाईक होतं. तोडल्याने इंग्लंडमधली जंगलं संपली नाहीत, ती नांगराखाली गेल्याने किंवा गुरांनी फुटवे खाल्ल्याने संपली.

इथे मला माझे आजोबा आठवले. थोडं विषयांतर होईल, पण ते परत याच रस्त्यावर येतं.

आमचं गाव कर्जतकडे. आजोबा थंडीत शेताच्या कडेच्या ऐनाच्या फांद्या उतरवायचे, वाळवायचे, आणि उन्हाळ्याच्या शेवटी वाफ्यावर शेण-पाचोळ्यासोबत पसरून भाजायचे. हा राब. त्या राखेत भाताची रोपं जोमाने येतात. मी पाचवीत असताना 'झाडे लावा, झाडे जगवा' या निबंधाला बक्षीस मिळवलं होतं, आणि तेवढ्या जोरावर आजोबांना विचारलं, "झाड का तोडताय?" ते म्हणाले, "झाड कुठं तोडलं रे? फांद्या काढल्या. झाड हाय तिथंच हाय." मला ते उत्तर पळवाट वाटलं होतं. ब्रॅडफिल्डच्या त्या बुडख्यांसमोर उभं राहिल्यावर कान थोडे गरम झाले.

आता इतिहासाकडे. 'फॉरेस्ट' हा शब्दच घ्या. नॉर्मन राजांच्या काळात फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे. फॉरेस्ट म्हणजे राजाच्या हरणांसाठी वेगळा कायदा लागू असलेला मुलूख. त्यात शेतं असायची, गावं असायची, झाडं असली तर असायची. म्हणजे आपल्या गावाकडे 'ही फॉरेस्टची जागा' म्हणतात आणि समोर नुसता उघडा माळ असतो, तो अर्थ जुन्या अर्थाच्या जास्त जवळचा आहे! लोक वैतागले, आणि 1217 मध्ये, मॅग्ना कार्टानंतर दोनच वर्षांनी, जंगलाची वेगळी सनद निघाली. हरीण मारलं म्हणून कुणाचा जीव किंवा हातपाय जाणार नाही, असं त्यात आलं. सामान्य माणसाचे चराईचे, सरपणाचे हक्क मान्य झाले. मॅग्ना कार्टा सगळ्यांना पाठ, या सनदेचं नाव कुणी घेत नाही. पण ज्याच्या चुलीला लाकूड लागतं त्याच्या दृष्टीने मोठी सनद कुठली, तुम्हीच सांगा.

मग 1878. हे साल लक्षात ठेवा, कारण या एका वर्षी दोन कायदे झाले.

पहिला लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टचा. तिथे जमीनमालक जंगलाला कुंपणं घालून विकायला निघाले होते. लाउटन गावच्या लोकांना हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडायचा जुना हक्क होता. परंपरा अशी, की 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्री पहिली कुऱ्हाड पडायची. टॉमस विलिंगेल नावाच्या मजुराने कुंपण घातल्यावरही तोड थांबवली नाही. त्याच्या घरातल्यांना तुरुंगात जावं लागलं. प्रकरण कोर्टात गेलं, लंडन शहराची कॉर्पोरेशन मध्ये पडली, आणि शेवटी एपिंग फॉरेस्ट कायदा झाला. जंगल लोकांसाठी कायमचं मोकळं. मोठाच विजय होता. पण त्याच कायद्याच्या व्यवहारात लाउटनकरांचा फांद्या तोडायचा हक्क भरपाई देऊन संपवण्यात आला. त्या पैशांतून गावात 1884 मध्ये एक सभागृह बांधलं, त्याचं नावच लॉपिंग हॉल, म्हणजे फांद्यातोडीचं सभागृह. आणि गंमत बघा: तोड थांबल्यावर ती झाडं वरून जड होत गेली, खाली अंधार झाला, फुलं गेली. ज्यांनी जंगल वाचवलं त्यांचीच कुऱ्हाड काढून घेतली, आणि जंगलाला तीच लागत होती.

दुसरा कायदा कलकत्त्याहून निघाला. इंडियन फॉरेस्ट अ‍ॅक्ट, 1878.

त्याआधी 1864 मध्ये इथे वनखातं सुरू झालं होतं. पहिले प्रमुख डीट्रिश ब्रँडिस, जर्मन. रेल्वेला स्लीपर हवे होते, म्हणजे मोठी, सरळ, एका वयाची झाडं हवी होती. जर्मन वनशास्त्र यातच तरबेज. 1878 च्या कायद्याने सरकारला जंगलं राखीव करता आली, आणि राखीव म्हटलं की गावाचा वापर हा हक्क न राहता सवलत झाला. सरपण, चराई, राब, सगळं. पुणे सार्वजनिक सभेने त्याच वर्षी सरकारला निवेदन देऊन विरोध केला. 1883 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही फॉरेस्ट खात्याने डोंगर आणि गायरानं गिळल्याने गरिबाच्या गुरांना जागा उरली नाही ही तक्रार आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर इतका असंतोष झाला की 1885 मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्यांच्यापुढच्या मोठ्या प्रश्नांपैकी एक होता राब. म्हणजे माझ्या पणजोबांच्या पिढीने ऐनाच्या फांद्या तोडाव्यात की नाही, यावर साहेब लोक जाडजूड अहवाल लिहीत होते.

सगळी तोड चांगली असते असं मी म्हणत नाहीये. ठाण्याच्या डोंगरांतली झाडी त्या काळात ठेकेदारांनीही भरपूर खाल्ली होती, आणि वर्षाआड ओरबाडलेला ऐनही शेवटी दमतोच. पण फांदी उतरवणारा आणि झाड मुळासकट नेणारा यांना एकाच गुन्ह्याच्या रकान्यात टाकणं, ही चूक कागदावर झाली आणि जमिनीवर उतरली.

गंमत अशी की तेव्हा खुद्द ब्रिटनमध्ये असं खातं नव्हतंच. इंग्लंडमध्ये लंडनजवळ कूपर्स हिलला 1885 मध्ये वनशास्त्राचे वर्ग सुरू झाले ते भारतात पाठवायच्या अधिकाऱ्यांसाठी. ब्रिटनचं स्वतःचं फॉरेस्ट्री कमिशन आलं 1919 मध्ये, पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई झाल्यावर. मग त्यांनी स्वतःच्या देशातही तेच सुरू केलं: एका वयाची, रांगेतली, सूचिपर्णी झाडं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर जुनी जंगलं साफ करून पाइन आणि स्प्रूस लावणं, किंवा सरळ नांगर फिरवणं, याला सरकारी अनुदानाचाच पाठिंबा होता. रॅकहॅम त्या तीसेक वर्षांना टोळधाडीची वर्षं म्हणायचे.

टोळ ब्रॅडफिल्डलाही आले. इथल्या अ‍ॅशच्या फोकांना एक हक्काचं गिऱ्हाईक होतं, शेजारच्या लिटल वेल्नेथॅमचा छोटा कारखाना. तिथे गवत गोळा करायच्या दाताळ्यांचे आणि विळ्यांचे दांडे बनायचे. पण ट्रॅक्टर आल्यावर दाताळी कोण घेतं? 1960 च्या दशकात जंगलाचा मोठा भाग उपटून शेत केलं. सातशे वर्षांचे बुडखे, काही दिवसांचं बुलडोझरचं काम. स्थानिक लोक आणि निसर्गप्रेमी जागे झाले, रॅकहॅमही त्यात होते. 1970 मध्ये उरलेलं जंगल निसर्गसंवर्धनासाठी विकत घेतलं गेलं. आज ते सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट सांभाळतं.

आणि सांभाळतं म्हणजे काय करतं? तोडतं. एपिंगची चूक इथे झाली नाही. तोडलेल्या तुकड्यात ऊन पोचतं, वर्षा-दोन वर्षांत जमिनीत दडलेलं बी फुलून येतं. पाच-सात वर्षांची दाट झाडी झाली की तिथे नाइटिंगेल घरटं करतो. डॉरमाउस नावाचा झोपाळू, सोनेरी उंदरासारखा प्राणी हेझलवर जगतो. जंगलात एकाच वेळी एक वर्षाचं, सात वर्षांचं आणि वीस वर्षांचं असं सगळं शेजारीशेजारी असतं, म्हणून प्रत्येकाला घर मिळतं.

मी गेलो तेव्हा तोडीचा हंगाम संपला होता, पाखरं घरटी करायच्या आत ती थांबवतात. पण एक साठीचे काका फोकांच्या मोळ्या बांधत बसले होते. स्वयंसेवक. हातात आकडीसारखा, टोकाला वाकलेला कोयता. मी काय करतो विचारलं. सॉफ्टवेअर, म्हटलं. ते हसून म्हणाले, मीही आयुष्यभर ऑफिसातच होतो, हे रिटायर झाल्यावर शिकलो. या काठ्या कशाला? शेंगांच्या वेलांना आधार द्यायला, लोक परसबागेसाठी विकत नेतात. तोडलेल्या बुडख्यांभोवती काटक्यांचं कुंपण होतं. हरणं कोवळे फुटवे खाऊन टाकतात, म्हणाले. 1252 सालच्या माणसालाही हीच कटकट असणार.

मग त्यांनी मला एक अ‍ॅशचा बुडखा दाखवला. काही मीटर रुंद, मधून पोकळ, खरं तर कडी करून वाढलेलं एकच झाड. मध्ये उभं राहिलं तर आपण झाडाच्या आत असतो. रॅकहॅम यांच्या अंदाजाने इथले सगळ्यात जुने बुडखे हजार वर्षांच्या आसपासचे आहेत. न तोडलेलं अ‍ॅश साधारण दोनशे वर्षांत म्हातारं होऊन पडतं. म्हणजे दर वेळच्या कोयत्याने याचं वय मागे ढकललं. मी बराच वेळ तिथे उभा होतो. मोबाइलला रेंज नव्हती, हेही सांगायला हवं.

तिथूनच बाहेर पडून रेंज आल्यावर आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी फोटो बघितले, पहिला प्रश्न, "कोयत्याला दांडा कशाचा हाय?" मला सांगता आलं नाही. मग म्हणाले, "आपल्याकडं आता राब कोण करतंय. गोणी आणतात, टाकतात." ऐन अजून आहे का, विचारलं. आहे म्हणाले, पण वर झेपावलाय, कुणी छाटत नाही.

निघताना त्या काकांना मी सहज विचारलं होतं की हा बुडखा अजून हजार वर्षं जाईल का. ते गप्प झाले. आशियातून आलेला एक बुरशीजन्य रोग आहे, अ‍ॅशची झाडं शेंड्याकडून सुकत जातात. ब्रिटनमध्ये तो 2012 मध्ये सापडला, आणि देशाचा हा पूर्व भाग पहिल्यांदा सापडलेल्या भागांत होता. कोवळे फोक लवकर मरतात. म्हणजे आतापर्यंत ज्या तोडीने झाड तरुण ठेवलं, तीच आता त्याला धोक्यात टाकू शकते. मग काही बुडखे न तोडता ठेवायचे का? काकांचं म्हणणं, एकेक बुडखा बघून ठरवावं लागतं. या बुडख्याचं काय, मी विचारलं. वर बघत ते म्हणाले, अ‍ॅशला पालवी सगळ्यात उशिरा येते, आत्ता एप्रिलमध्ये सगळीच सुकलेली दिसतात. खरं कळेल ते जूनमध्ये.

माझं परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं.